दुभतं जनावर

शिकार केली म्हणे! झाडावर अडकून बसलेल्या जनावराला खालून गोळी घालायची, याला शिकार म्हणायचं असेल तर दगड मारून आंबा पाडणाऱ्यालाही मेडल द्या.

कतारमध्ये, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये मी मेलेल्या जनावरांत पेंढा भरतो. पेंढा नावालाच, हल्ली आत फोमचा साचा असतो. बहुतेक ससाणे येतात. ज्याने जिवापाड पाळलेला असतो तोच रडवेला होऊन घेऊन येतो. या वर्षी मात्र लुसैलच्या श्रीमंत वस्तीत राहणारा एक कंत्राटदार अमेरिकेतून आणलेलं कूगरचं कातडं घेऊन आला. कूगर म्हणजे बिबट्याच्या अंगापिंडाचं, पण अंगावर ठिपके नसलेलं जनावर. माणूस सोलापूरकडचा. मराठी ऐकून मी खुशीने करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा मागवला. त्या चहाचा मला अजून पश्चात्ताप होतो.

खोकं उघडलं आणि माझं डोकं फिरलं. जनावर मेलं की लगेच सोलायचं, कातड्याला चिकटलेलं मांस खरवडायचं, मीठ चोळायचं. हा गडी दिवसभर त्याच्याबरोबर फोटो काढत बसला होता. कानामागचे केस नुसत्या बोटाने सुटून येत होते.

"साहेब, जीव घेतलात, निदान कातड्याची तरी कदर करायची," मी म्हणालो.

"तुम्ही आहात की निस्तरायला, भाई," तो हसला.

कातडं भिजवून पसरलं तेव्हा पोट दिसलं. आचळं मोठी झालेली, भोवतीचे केस झिजून टक्कल पडलेलं. पिल्लं पीत असली की असंच होतं.

कान कसे बसवायचे ते बघायला मी त्याच्याकडून शिकारीचा व्हिडिओ मागून घेतला. कुत्र्यांनी तिला झाडावर चढवलं होतं. खाली भुंकणं आणि माणसांचं हसणं. ती ना कुत्र्यांकडे बघत होती, ना बंदुकीकडे. पुन्हा पुन्हा मान वळवून पलीकडच्या खडकांकडे बघत होती. मला पुढचं बघवेना.

माझ्या वडिलांचं रायगडात मटणाचं दुकान होतं. सुरीला धारसुद्धा ते बकऱ्याच्या नजरेआड लावायचे. दुभती शेळी कोणी आणली तर आल्या पावली परत पाठवायचे. आणि त्यांना खाटीक म्हणून नाकं मुरडणारे हे असले साहेब लोक!

मी फोन लावला. "साहेब, हिला पिल्लं होती."

"असतील. तोंड उघडं ठेवा, दात दिसले पाहिजेत. अंगावर झेप घेतेय असं वाटलं पाहिजे. आणि पोटावरचं ते टक्कल झाका, घाण दिसतं."

घाण! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "कस्टमर जो बोला वो करो. खलास."

नोकरीवर लाथ मारायची माझी ऐपत नाही. जबडा उघडला, जीभ रंगवली, सुळे चकचकीत केले. मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत केलं. पोटावर चिकटवायला केसाळ कातड्याचे तुकडे कापून ठेवले होते, ते मात्र कचऱ्यात टाकले.

जनावर पोचवायला त्याच्या घरी गेलो. हॉल अरबी मजलिससारखा सजवलेला, मित्रमंडळी जमिनीलगतच्या गाद्यांवर बसलेली. गावाहून आलेली त्याची म्हातारी आईही कोपऱ्यात होती. त्याने मला जनावर उंच चौथऱ्यावर चढवायला लावलं.

"अशी आली बघा अंगावर!" तो मित्रांना सांगायला लागला. सगळे जबड्याकडे बघत होते.

म्हातारी खाली बसलेली, तिच्या नजरेसमोर नेमकं पोट आलं. ती पुढे सरकली, चष्मा सारखा केला.

"अगं बाई, ही तर ओली बाळंतीण हाय," ती म्हणाली. मग लेकाकडे वळली. "पिलं कुठं हाइत रं हिची?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून चौथऱ्याचे स्क्रू आवळत राहिलो.