आधी पिन काढ!

भर दुपारी पोलीस ठाण्यात उठलेली ती किंकाळी अजून माझ्या कानातून गेलेली नाही.

मी तेव्हा सिल्लोडला उपनिरीक्षक होतो. लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या एका माणसाचा उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत फाटला होता. बांधाच्या भांडणातून चुलत भावाने कुऱ्हाड मारली, असा जबाब त्याने दवाखान्यात दिला. बांधाचा वाद गावाला ठाऊक होता. मी चुलत भावाला अटक केली.

त्याच्या हातात पाण्याचा पेलासुद्धा राहीना, इतका तो थरथरत होता.

"साहेब, म्या नाय मारलं. म्या तवा रानात मका सोंगत व्हतो."

थरथरतोय म्हणजे यानेच केलं, असं मी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. "कुऱ्हाडीचा घाव सरळ बसतो. इथे मांस ओरबाडून निघालंय, आणि जखमेत तेल अन् लाकडाचा भुसा होता."

मी पंच घेऊन वखारीत गेलो. कोपऱ्यात विजेवर चालणारी चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, होती.

"ती लई दिवसांपासून बंदच हाय," मालक म्हणाला.

पण साखळीला ताजं तेल लावलेलं होतं. बटणावर चिकटपट्टीचा डिंक होता. बोटाने दाबून धरायला नको म्हणून कुणीतरी बटण बांधून ठेवलं होतं. करवत जप्त केली.

जखमी माणूस जरा सावरल्यावर त्याला ठाण्यात बोलावलं. टेबलावर करवत ठेवली होती. तिची वायर टेबलामागे गेली होती. पिन जमिनीवरच पडली होती, पण त्याच्या खुर्चीवरून ती दिसत नव्हती.

"ही कधी चालवलीस?"

"नाय साहेब. म्या फकस्त लाकडं उचलतो."

बोलताना त्याची नजर साखळीवरून हटत नव्हती. कपाळावर घाम आला होता. तेवढ्यात लाईट गेली, पंखा थांबला. साखळीत अडकलेल्या भुशाचा नमुना घ्यायला आमच्या हवालदाराने बोटं आत घातली.

"हात काढ! आधी पिन काढ! लाईट येईल!"

किंचाळत त्याने झेप घेतली आणि डाव्या हाताने हवालदाराचं मनगट मागे ओढलं.

मग मी हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी अशीच लाईट आली होती, व्हय ना?"

तो खाली फरशीवर बसला. त्या दिवशी वखारीत लाईट गेली तेव्हा साखळीतला भुसा काढायला त्याने हात घातला होता. पिन बोर्डातच होती, बटण मालकाने बांधलेलं. लाईट आली तशी साखळी फिरली.

"मालक म्हणला, भावाचं नाव घे, न्हाईतर वखारीतली खोली आजच खाली कर. लेकरं घिऊन कुटं जाऊ, साहेब?"

मालकावर गुन्हा दाखल झाला. खोट्या जबाबाची कारवाई त्या माणसावरही करावी लागली. मला ते जड गेलं.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. भीती गुन्हेगाराला असते तशी निरपराधालाही असते, आणि दोघांचे हात सारखेच थरथरतात. फरक शोधणं हे आमचं काम. ते काम एका डॉक्टरबाईंनी केलं, मी नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी कोर्टाचा सुटकेचा आदेश आला. मी स्वतः लॉकअपचं दार उघडलं. चुलत भाऊ भिंतीला आणखीच चिकटला. "जा घरी," म्हटलं तरी उठेना. शेवटी आत जाऊन मी त्याच्याशेजारी खाली बसलो, तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.