आमच्या वर्गातलं पंचवीसचं दशक

परवा आमच्या वर्गात एक दशक पंचवीसचं झालं. झालं ते बरंच झालं, म्हणून लिहिते आहे...

मी निपाणीजवळच्या एका खेड्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते तिसरी एकाच खोलीत, आणि त्या खोलीला मी एकटी बाई. त्यामुळे मला साहित्य सतत लागतं. मोजायला काड्या, अक्षरांची कार्डं, परिसर अभ्यासाला बिया, कन्नडच्या तासाला चित्रं... घरी रद्दी म्हणून काही टाकायची माझी सवयच गेली आहे.

गावात बहुतेक घरी विड्या वळतात. आया सकाळी मांडीवर सूप घेऊन बसल्या की उठत नाहीत. पालकसभेला बोलावलं की पोरांबरोबर निरोप येतो, काम हाय म्हणून.

काम असतंच, पण नुसतं कामही नसतं. आपण शिकलेल्या नाही, शाळेत जाऊन बाईंशी बोलायचं काय, हा संकोच जास्त. दोन वर्षं मी घरोघरी जाऊन सांगत होते... एकदा तरी वर्गात या, पोरं काय करतात ते बघा.

शेवटी यंदा म्हटलं, सभा नाही, भाषण नाही, सही नाही. नुसतं हातानं काम करायला या. आणि सोमवारी दुपारी त्या खरंच आल्या... दुसरीतल्या एका मुलीची आई शेवंता आक्का पुढे आणि मागे त्यांच्या गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी. वर्गात मात्र कुणी पाऊल टाकलं नाही, व्हरांड्यातच बसल्या.

जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी अक्षरकार्डं केली. विडीची पानं कापून हात असा बसलेला, की पट्टी न लावता सगळी कार्डं एका मापाची. मी बघतच राहिले.

तेवढ्यात मला मीटिंगला बोलावणं आलं. खराट्याच्या काड्यांचा ढीग पुढे सरकवून मी म्हटलं, "याचे सारखे गठ्ठे बांधा हं," आणि पळाले. किती काड्यांचे ते सांगितलंच नाही. एकक-दशक शिकवायचे गठ्ठे दहाचेच असणार, त्यात सांगायचं काय...

मंगळवारी सकाळी दुसरीच्या पोरांपुढे एक गठ्ठा धरला. यात काड्या किती? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, पंचवीस. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

मला हसू आलं. सोडा आणि मोजा म्हटलं. पोरांनी मोजल्या... पंचवीस. दुसरा गठ्ठा, पंचवीस. तिसराही तसाच. तोच दोरा, तीच गाठ, विडीच्या बंडलात असतात तेवढ्याच काड्या. सारखे म्हटल्यावर त्यांच्या हातांना हेच सारखं माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी गुपचूप गठ्ठे सोडायला बसले. आयांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं... आणि नेमक्या शेवंता आक्का उरलेला दोरा द्यायला दारात हजर.

"चुकलं व्हय बाई आमचं?"

खोटं बोलता येईना. दहाचे हवे होते, माझंच सांगायचं राहिलं, असं म्हटलं. आक्कांनी हातातला दोरा उंबऱ्यावर ठेवला, पदर सारखा केला आणि वळल्या. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. आज या गेल्या की पुन्हा कुणी येणार नाही हे दिसत होतं.

"आक्का, मला एकटीला हे व्हायचं नाही," मी म्हटलं. "बसा की जरा."

त्या परत फिरल्या आणि आत आल्या. पहिल्यांदाच. खाली बसून काड्या उचलल्या आणि बोलता बोलता एक गठ्ठा बांधून माझ्या हातात दिला. मी मोजला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं... पंचवीस.

"सांगून बी ऐकत न्हाय बगा हात," असं म्हणून आक्का हसायला लागल्या, तशी मीही.

एवढ्यात त्यांची सानिका आईसमोर येऊन बसली. दुसरीत आहे ही, आणि वर्गात हिचा आवाज मी जेमतेम ऐकलेला. विचारलं तर मान खाली घालते. ती आईच्या हाताकडे बघत मोठ्यानं मोजायला लागली, आणि दहावी काडी उचलल्याबरोबर म्हणाली, "बास गं आई, बांद आता."

आक्कांनी मुकाट्यानं गठ्ठा बांधला. पुढचा घेतला, परत लेकीचा "बास". मग पोरं धावत जाऊन बाकीच्यांना घेऊन आली... घरं शाळेमागेच आहेत. अर्ध्या तासात खोलीभर आया आणि प्रत्येकीसमोर एक मोजणारं पोर. कुणाचा हात पुढे गेला की आरडाओरडा. पहिलीतली पिल्लंसुद्धा आयांना दटावत होती.

पंचवीसचे थोडे गठ्ठे मी मुद्दाम तसेच ठेवले आहेत. चार जोडले की शंभर होतात, हे तिसरीच्या पोरांना आता मला शिकवावं लागणार नाही.

जाताना आक्का दारात थांबल्या. "बाई, फुडच्या सोमवारी आनी काय चुकवायचं हाय का?"

मी लगेच हो म्हटलं. काय काम काढायचं ते अजून ठरलेलं नाही... सुचत असेल तर सांगा, कसलंही चालेल. मला फक्त त्या यायला हव्यात.