हॅपी फॉल आणि एरंडाचं पान

मी न्हावरं सोडलं ते कांद्याच्या टेंपोतून. पुढं ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर दोन वर्षांची मुलगी, मागं कपाट, दोन गाद्या, गॅसची टाकी आणि कोपऱ्यात आदल्या खेपेची कांद्याची फोलपटं. नवऱ्याला दौंडला रेल्वेत नोकरी लागली होती, तो आधीच जाऊन खोली बघून आला होता. आई गोठ्याच्या दारात उभी होती. हात शेणाचे, म्हणून नातीच्या गालाला हात लावता येईना. मनगटानंच तिनं तिच्या डोक्यावरून फिरवलं. आप्पा फाळक्याला दोरी आवळत म्हणाले, "लांब न्हाई ग. तासाभराची वाट हाय. पर गेलं मानूस ते गेलंच."

मला त्यांचा राग आला. ह्यांना दौंड म्हणजे विलायत वाटते, असं मनात म्हटलं आणि टेंपोची काच वर केली.

आठ वर्षं झाली. पुण्याला नि दुबईला गेलेले माझे चुलतभाऊ हसतात, तासाभरावर जाण्याला कुणी गाव सोडणं म्हणतं का म्हणून. हसू देत. ते दोन वर्षांतून एकदा येतात, विहिरीपाशी उभं राहून फोटो काढतात आणि "मिस करतो रे हे सगळं" म्हणत संध्याकाळच्या आत पुण्याचा रस्ता धरतात. त्यांनी मला गाव सोडण्याचं शिकवू नये. गाव मीही सोडलं, आणि त्यांच्यापेक्षा वाईट तऱ्हेनं सोडलं. ते कसं, तेच सांगते.

मी डी.एड. आहे. डी.एड. करून घरी बसलेल्या पोरींची आमच्या तालुक्यात कमतरता नाही, त्यातलीच एक. दौंडला आल्यावर एका इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत लागले. शाळेच्या नावात 'लिटल' आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. मुलं मला वैशाली टीचर म्हणतात. "टीचर" ऐकताना पहिल्या वर्षी फार बरं वाटायचं, हेही कबूल करते.

शाळेच्या मॅडमची बहीण अमेरिकेत असते. तिकडं झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळतात, तिचे फोटो येतात, आणि मॅडमना ते बघवत नाही. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी आम्हा चौघी टीचरना बोलावलं नि जाहीर केलं, "या वर्षी आपण ऑटम कॉर्नर करतोय. तिकडे ऑटमला फॉल म्हणतात. किती स्वीट ना? आणि काही विकत आणायचं नाहीये. बेस्ट आउट ऑफ वेस्ट!"

बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं, की मुलांच्या बुटांचे सोल डांबराला चिकटत होते. आमच्याकडं या दिवसांत बाजरी खळ्यावर येते, ज्वारीची पेरणी चाललेली असते. पानं गळतात ती शिमग्याच्या सुमाराला, आणि ती झाडून जाळतात. गळलेल्या पानाचं कौतुक करून त्याला भिंतीवर लावायला आमच्याकडं कुणाला सवड नाही. हे मी बोलले नाही. "यस मॅडम" म्हणाले आणि उरलेल्या सामानाचं कपाट उघडलं.

त्या कपाटात शाळेचं सगळं वर्ष कोंबलेलं असतं. पंधरा ऑगस्टचा उरलेला केशरी घोटीव कागद, कारण तिरंग्यात केशरी कायम जास्त आणला जातो. शिक्षक दिनाची सोनेरी लेस. नाताळच्या बर्फाचा कापूस, आता करडा झालेला. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे, अर्धी वाळलेली फेविकॉलची बाटली, कुणाच्या तरी लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. ह्या उकिरड्यातून आम्ही अमेरिका उभी केली. केशरी कागदाची पाच बोटांची पानं कापली, कडांना तपकिरी खडू घासला, कापसाचा भोपळा केला. मॅडम मधेच येऊन म्हणायच्या, "थोडं अजून नॅचरल करा ना." केशरी घोटीव कागद नॅचरल कसा करायचा, ते त्यांनाच ठाऊक.

भिंत तयार झाली तशी मॅडमनी मुलांना रांगेत उभं करून विचारलं, "चिल्ड्रन, व्हॉट इज धिस लीफ?"

केडगावहून व्हॅननं येणारी चार वर्षांची ईश्वरी पुढं झाली. "एरंड!" ती ठणकावून म्हणाली. "आमच्या बांधाला हाय."

"नो बेटा, मेपल. से मेपल."

"एरंडच हाय," ईश्वरी म्हणाली.

मी तोंड फिरवून हसले. ओसाड गावात एरंड बळी म्हणतात, तो आता आमच्या भिंतीवर नारिंगी होऊन बसला होता. त्या पोरीला त्या दिवशी स्टार मिळाला नाही.

मग कार्डांची टूम निघाली. प्रत्येक मुलानं आजी-आजोबांना 'हॅण्डमेड' कार्ड द्यायचं. चार वर्षांचं मूल कात्री कुठं धरतं? चाळीस कार्डं आम्हीच केली. लग्नपत्रिकांची कोरी बाजू बाहेर घ्यायची, पान चिकटवायचं, इंग्रजीत 'हॅपी फॉल' लिहायचं आणि खाली मुलाचा अंगठा रंगात बुडवून उठवायचा, की झालं हॅण्डमेड. चाळीसही आज्या डोळ्यांपुढं आल्या. निम्म्या कांद्याच्या रोपात बसलेल्या असणार, त्यांना नातवाचा अंगठा ओळखता येईल, बाकी कार्ड कशाशी खातात ते कळणार नाही. मला मॅडमची कीव आली, आज्यांची आली. माझी आली नाही. मी स्वतःला ह्या सगळ्यांच्या वरची समजत होते.

शेवटी एक पत्रिका आणि एक पान उरलं. मी त्याचं एक जादा कार्ड केलं, सुबक, सोनेरी लेस लावून. आत 'हॅपी फॉल' लिहिलं, खाली 'युवर वैशाली', आणि न्हावऱ्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं. प्रेमानं टाकलं, असं कुणी समजू नये. चेष्टा म्हणून टाकलं. दादा ते उलटसुलट करून बघेल, आप्पा गोंधळतील, मग मी फोन करून सगळी हकिकत सांगीन नि हसू, असा विचार होता. चेष्टा मॅडमची होती खरी, पण ज्यांना कळणार नाही त्यांच्या जिवावर केलेली होती.

फोन करायचा राहून गेला. माझे बरेच फोन राहून जातात. पोळ्याला गावी जाऊन आल्यापासून एकदाही केला नव्हता.

आठवड्याभरानं आप्पांचाच फोन आला. मी वर्गाबाहेर आले.

"पत्र मिळालं तुझं," आप्पा म्हणाले. "लय बरं वाटलं तुझ्या आईला. रोज बांधती पानं."

"कसली पानं?"

"एरंडाची. तूच न्हाई का चित्र काढून धाडलं? तेल लावून, तव्यावर गरम करून बांधती गुडघ्याला. सूज उतरली बग निम्मी."

मला काही कळेना. "गुडघ्याला काय झालं आईच्या?"

"अगं, पडल्याचं तूच लिवलंस की. गौरीनं वाचून दावलं, इंग्रजीत हाय म्हनली."

गौरी ही दादाची मुलगी, सहावीत आहे. फॉल म्हणजे पडणे, हे तिला शाळेत शिकवलेलं. हॅपी म्हणजे आनंदी. आनंदानं पडा असं कुणी लिहीत नसतं, म्हणून त्या शहाण्या पोरीनं आपल्या मनानं अर्थ लावला होता. आत्या म्हणते, आजी पडली तरी आनंदात राहा, आणि हे पान बांध.

आई गोठ्यात घसरून पडली होती. त्याला दहा-बारा दिवस झाले होते. शिरूरला नेऊन फोटो काढला, हाड मोडलेलं नव्हतं, पण गुडघा भोपळ्याएवढा. मला कुणी कळवलं नव्हतं. आप्पांना वाटलं दादानं कळवलं असेल, म्हणूनच तर पत्र आलं.

मी मॅडमकडं दोन दिवसांची रजा मागितली. "आत्ताच? शनिवारी पेरेंट्स ऑटम कॉर्नर बघायला येणारेत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, माझी आई पडली." त्यांनी "ओह" म्हटलं आणि पानांची माळ जरा वर बांधायला सांगितली. मी ती बांधली. बांधून मग निघाले. हे त्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. स्टुलावर मी चढले होते.

दौंडहून न्हावऱ्याची एसटी दुपारची मिळाली. वस्तीवर पोचले तर दादा बांधावरून येत होता, हातात एरंडाची चार-पाच पानं, देठाला चीक गळणारी. मला बघून तो थांबला.

"मी तर तुला सांगितलं न्हवतं," तो म्हणाला. "मग कळलं कसं?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"का सांगितलं न्हाई ते इचार की." त्यानं पानं दुसऱ्या हातात घेतली. "पोळ्याला आलीस तवा नाकाला रुमाल लावून गोठ्यात हुबी ऱ्हायलीस. 'कसला वास मारतोय, धूत जा की' म्हनलीस. तवापासून म्हातारी रोज पाणी मारती फरशीवर. सांगून ऐकंना. म्हनती, पोरगी आली तर तिला वास यायला नगं. त्याच वल्ल्या फरशीवर घसरली."

मला तो रुमाल आठवला. मुलीसाठी मी पाण्याच्या बाटल्याही दौंडहून भरून नेल्या होत्या. घरच्या आडाचं पाणी पिऊन मी एवढी वाढले, आणि आईसमोर मुलीला सांगितलं, "हे नको पिऊ हं, पोट बिघडेल." तिनं तांब्या उचलून आत नेला होता.

आई खाटेवर पाय पसरून बसली होती. शेजारच्या कोनाड्यात माझं कार्ड, हळदी-कुंकवाचं बोट लागलेलं. तिनं मला बघितलं आणि आधी माझ्या मुलीचं विचारलं, मग जावयाचं, मग माझ्या शाळेचं. मी दादाच्या हातातून पानं घेतली, तव्यावर शेकली, तेल लावून तिच्या गुडघ्याला गुंडाळली. पान गरम होतं, तिनं पाय जरासा ओढला. फडक्यानं गाठ मारता मारता मी सांगून टाकलं.

"आई, मला माहीत नव्हतं तू पडलीस ते. ते कार्ड मी चेष्टा म्हणून पाठवलं होतं. शाळेत उरल्या कागदाचं केलेलं. ते एरंडाचं पान पण नाही, तिकडच्या कुठल्यातरी झाडाचं आहे."

आई कार्डाकडं बघत राहिली. मला वाटलं, रडेल. ती हसली.

"व्हय? मग चेष्टंनं का हुईना, गुण तर आला." तिनं फडक्याची गाठ स्वतःच थोडी सैल केली. "पर गोठ्याचं बोललीस, ती चेष्टा न्हवती."

मॅडमना, चुलतभावांना, सगळ्यांना माझ्याकडं उत्तरं असतात. नाकावर रुमाल धरून आईच्या गोठ्यात उभी राहिलेली ती बाई मॅडमपेक्षा कशात वेगळी होती, ते मला अजून सांगता येत नाही. मॅडम निदान दुसऱ्याच्या देशाची पानं आपल्या भिंतीला लावतात. मी आपल्याच घराचं पाणी परतवलं होतं.

"पुढच्या वेळी काही झालं तर मला आधी कळवायचं," मी म्हटलं. आवाज चढलाच.

"पावणीला काय कळवायचं?" आई अगदी सहज म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. घरात चार दिवस येणाऱ्या माणसाला त्रासाच्या गोष्टी सांगत नाहीत, एवढाच तिचा हिशेब. आप्पा टेंपोला दोरी बांधताना जे म्हणाले होते, ते मला त्या खाटेपाशी बसल्यावर कळलं. तुम्ही गेलात हे तुमच्या अंतरावरून ठरत नाही. घरात काय बिघडलं ते तुमच्यापासून लपवायला लागले, की तुम्ही गेलात.

दोन दिवस राहिले. आडाचं पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी गोठा मी धुतला आणि फरशी कोरडी होईस्तोवर कुणाला आत जाऊ दिलं नाही. दादा म्हणाला, "किती दिवस पुरनार ह्ये?" मी म्हटलं, "बघू." त्याला ते पटलं नाही, मलाही फारसं पटलं नव्हतं. निघताना आईला एवढंच म्हटलं, "चांगलं काही झालं तर दादाला सांग. वाईट झालं की मला फोन करायचा." तिनं मान हलवली ती कबूल म्हणून की कटकट मिटावी म्हणून, ते कळलं नाही.

पुढचा महिना तिचा फोन काही आला नाही. मी रोज फोन करायचे, ती "समदं बरं हाय" म्हणायची आणि मला ते ऐकून चीड यायची.

मग एका मंगळवारी, मी मुलांकडून रंगांची नावं म्हणवून घेत असताना, फोन वाजला. मॅडम दारातच उभ्या होत्या. वर्गात फोन घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच फळ्यावर लिहिलेला आहे. मी नाव बघितलं आणि घेतला.

"अगं," आई पलीकडून भांडणाच्या सुरात म्हणाली, "काळीनं लाथ मारली बग. सगळी किटली उलथली. पाच लिटर दूद गेलं मातीत. आन् तुझा दादा मलाच बोलतुय, धार काडताना ध्यान कुठं हुतं म्हनून. तूच सांग, माझी काय चूक?"

"तुझी काही चूक नाही," मी म्हणाले. "लागलं नाही ना तुला?"

"लागलं थोडं. हाताला. सांगीन म्हनलं तुला."

मॅडम घड्याळाकडं बोट दाखवत होत्या. मी त्यांच्याकडं पाठ केली, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि आईला म्हटलं, "हां, आता पहिल्यापासून सांग. कशी मारली लाथ?"