फ्लेक्ससमोरचा फोटो

बायको वारल्यावर दौंडच्या लेकीनं अट घातली की मी रोज बाहेर पडून फोटो पाठवायचा, नाहीतर ती मला तिकडे नेणार. मी एकाच रविवारी शिरूरभर फिरून घोड नदीचा पूल, देऊळ, चौक अशा ठिकाणी स्वतःचे आठवड्याचे फोटो काढले आणि रोज एक पाठवत खुर्चीत बसून राहिलो. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

गुरुवारी फोन आला. "आबा, आजच्या फोटोत मागं दिसणाऱ्या फ्लेक्सवरच्या साहेबांचा वाढदिवस रविवारीच झाला ना?"

"वाढदिवस सरतो, फ्लेक्स न्हाई सरत."

"आन् शर्ट? रोज तोच?"

शुक्रवारी कपाटातला दुसरा शर्ट घालून खरंच चौकात गेलो. साहेब अजून हात जोडून उभेच होते. फोटो पाठवला.

"आजचाच ना, आबा?"

"आजचाच. तुझ्या आईनं घातलेली घडी मोडलीय."