जिजीचा नवस आणि आप्पांची शेवटची कुस्ती

माझे सासरे कुस्तीत हरावेत म्हणून माझ्या सासूने नवस बोलला होता.

आप्पा आज पहाटे गेले. झोपेतच.
रडता रडता मला हा नवस आठवला आणि चक्क हसू आलं.

नव्वदच्या दशकात लग्न करून मी सुरतजवळच्या कडोदऱ्याला आले. दारात आप्पा उभे. नाक वाकडं, दोन्ही कान भज्यांसारखे सुजून कायमचे घट्ट झालेले.

मी दचकले. ते म्हणाले, "घाबरू नको पोरी. मारामारी नाही करत, कुस्ती करतो."

आठवडाभर पॉवरलूमवर ड्युटी, सुट्टीच्या दिवशी इनामाची कुस्ती. मिसरूड फुटल्यापासून पन्नाशी येईपर्यंत हेच. आधी खान्देशातल्या जत्रा, मग सुरत, पलसाणा, बोलावतील तिथे.

एकदा खांदा निखळला. तशाच खांद्याने समोरच्याला चितपट केलं आणि मग दवाखान्यात गेले.

डॉक्टर दर वेळी गुजरातीत सांगायचे, "काका, हवे बंध करो." आता बंद करा म्हणून.
"हां साहेब," म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात!

घरी आल्यावर हळद लावायला, शेक द्यायला जिजी, म्हणजे माझी सासू. ती पार वैतागली होती.
शेवटी तिने अटच घातली. एकदा हरलात की बंद.

आप्पा अहिराणीत म्हणाले, "कबूल. हारनू की सोडी देसू."

प्रॉब्लेम एकच. आप्पा हरेनात!

मग जिजी मला घेऊन देवीच्या देवळात गेली. हात जोडून मोठ्याने म्हणाली, "आई, यांना कोणीतरी पाडू दे, तुझी ओटी भरीन."
पुजारी बघतच राहिला.

थोड्याच दिवसांत आमच्या चाळीमागच्या मैदानात कुस्त्या ठरल्या. आप्पांसमोर कतारगामचा तरणाबांड पहिलवान, निम्म्या वयाचा.

आम्ही बायका गच्चीवर. जिजी आयुष्यात पहिल्यांदा त्यांची कुस्ती बघायला आली होती. नवस फळतो का, ते बघायला.

फळतच होता. त्या पोराने आप्पांना पालथं पाडलं आणि पाठीवर बसला. आप्पांचं तोंड मातीत.
खालून कोणीतरी ओरडलं, "काका गया!"

जिजीने माझं मनगट आवळलं. बांगडी पिचली.

आणि एकदम कठड्यावर वाकून ती किंचाळली, "उठा ना! काय पडी राहिनात! पाडा त्याले!"

सगळं मैदान वर बघायला लागलं. पोरगाही.
आप्पांना तेवढंच हवं होतं. त्यांनी अशी काही उसळी मारली की पोरगा थेट पाठीवर. चितपट!

शिट्ट्या, फेटे, गुलाल. आणि इकडे जिजीने कपाळावर हात मारला, "अरे देवा, मी काय केलं हे!"

आप्पा मातीने माखलेले घरी आले. लंगोट धुतला, वाळत घातला.
"आते बस," म्हणाले. म्हणजे आता कुस्ती पुरे.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही तर जिंकलात!"

"इतकी वर्षं सगळी दुनिया माझ्यासाठी ओरडली गं. ही तेवढी राहिली होती."

जिजी आत चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिने हळद गरम करायला ठेवली.

खरंच सोडली त्यांनी कुस्ती. मग रोज सकाळी आखाड्यात शिकवायचे. माझ्या मुलीलाही पायात पाय अडकवून पाडायचे, आणि ती पडली की स्वतःच टाळ्या वाजवायचे.

आज त्यांना न्यायला इतके पहिलवान आले, की घरच्यांना खांदा द्यायला जागा मागावी लागली.

आप्पा, तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.
सुखाने जा.