साडूंनी परत पाठवलेलं रक्त

आमच्या थोरल्या साडूंइतका लोकांच्या रक्तावर चिडणारा माणूस सबंध परभणी जिल्ह्यात झाला नाही. सेलूला त्यांची रक्त तपासायची लॅब. बाहेरून कुणी रक्ताची नळी आणून दिली की हे आधी ती उजेडात धरायचे, तोंड वाकडं करायचे आणि खुशाल परत पाठवायचे. उपाशीपोटी या म्हटलं की आपल्याकडं माणूस चहा पिऊनच येतो, कारण चहाला खाण्यात कोण धरतं? एका गुरुजींनी तर "दूध नव्हतं, कोराच होता," असं वर समजावलं. "साखर तर होती ना?" म्हणत साडूंनी त्यांना जिन्यावरूनच वळवलं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेलासुद्धा हा गृहस्थ आधी उजेडात धरायचा. मेहुणीनं यांच्याशी संसार कसा केला, देव जाणे.

पण कहर झाला तो सासूबाईंच्या वेळी. त्या वालूरला असतात, हृदयाचं जुनं दुखणं. डॉक्टरांनी पोटॅशियम तपासायला सांगितलं. मेहुण्यानं गावातच रक्त काढून घेतलं, गोठू नये म्हणून नळी खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवली आणि भर उन्हात शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवर सेलूला आणली. साडूंनी बघितली. "वरचं पाणी पिवळं पायजे, हे लाल झालंय. पेशी फुटल्यात. मी तपासणार न्हाई." अहो, सख्ख्या सासूचं रक्त! मेहुणा तणतणत तीच नळी घेऊन दुसऱ्या लॅबमध्ये गेला. तिथं कुणी काही विचारलं नाही. पोटॅशियमचा आकडा मात्र इतका चढा आला की डॉक्टर म्हणाले, हृदय कधीही बंद पडेल, तडक नांदेडला हलवा.

जीपमध्ये गादी टाकली, सासूबाईंना निजवलं, बायका रडायला लागल्या. तेवढ्यात खबर लागून साडू सेलूहून स्कूटरवर आले ते थेट जीपच्या आडवे. "फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम मोजून म्हातारीला कुठं न्यायलाव?" माझंही डोकं फिरलं. "ही वेळ हाय का तुमच्या तमाशाची?" म्हणून मी ओरडलो. ते सरळ जीपमध्ये चढले, सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, पुन्हा रक्त घेतलं आणि जीप आधी स्वतःच्या लॅबच्या दारात न्यायला लावली. आकडा अगदी ठीक निघाला. आम्ही सगळे जीप वळवून वालूरला परतलो. नळीकडं कुणी बघत नाही, आकड्यामागं सगळे धावतात, याचा मला आता त्यांच्याइतकाच संताप येतो. सासूबाईंनी मात्र ते दुसऱ्यांदा टोचणं वर्षानुवर्षं मनात धरलं. "जावयानं माझं रगत नासकं ठरवलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

हल्ली साडूंचे हात थरथरतात. लॅब त्यांची मुलगी बघते. परवा सासूबाईंचं रक्त घ्यायचं होतं. नात सुई घेऊन उभी, पण म्हातारीनं हात केला तो साडूंपुढं. "तुमीच घ्या."

साडूंनी मान खाली घातली. "माझा हात हलतो आता, आई. सँपल खराब हुईल."

सासूबाईंनी हात मागं घेतला नाही.

"होऊ द्या की. परत घ्या."