योगेंद्र कोणाच्या कानाला लागला

मोलगीच्या बाजारात योगेंद्र एका बाईच्या कानाला लागला होता आणि बाई पदर तोंडावर घेऊन हसत होती. बातमी जीपमधून उतरली तेव्हा एवढीच होती. नंदुरबारच्या मिरची बाजारात पोचेस्तोवर बाईचं वय पंचविशीचं झालं होतं, साडी केशरी झाली होती आणि योगेंद्रचे दोन्ही हात तिच्या गालांवर आले होते. स्टेशनच्या टपरीवर मी ऐकली तेव्हा तिच्या पदरी एक लेकरूही होतं. टपरीवरून पुढे तिचं काय झालं याची जबाबदारी माझ्यावर टाकू नका. मी लेकराचं नाक फक्त योगेंद्रसारखं केलं.

आता योगेंद्र कोण, तर तापीकाठच्या गुजर घरातलं शेंडेफळ. थोरल्या भावांची केळी, कापूस, ऊस, सगळं कसं डोळ्यांना दिसणारं. यानं मात्र नंदुरबारला स्टेशनच्या गल्लीत दुकान घातलं आणि त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक संगणक ठेवला. माल नाही, तराजू नाही, गोणी नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही पाळीपाळीनं आत डोकावून आलो. मी थेट विचारलं, "माल कुठे शे रे भो?"

"नावं विकतो, काका."

"कोणाची?"

"ज्याची त्यालाच."

म्हणजे असं, की इंटरनेटवर कोणाला आपलं दुकान मांडायचं तर त्या दुकानाला एक नाव लागतं, जगात दुसऱ्या कोणाचं नसलेलं. ते नाव योगेंद्र नोंदवून देतो. वर्षभर तुमचं, वर्ष सरलं की पुन्हा भाडं भरायचं. त्याच्या वर सुरतेची एक कंपनी आहे. माझ्या नावाचं भाडं मीच भरायचं हे ऐकून मी तेव्हाच ठरवलं, की पोरावर लक्ष ठेवलं पाहिजे.

आधी तो इंग्रजी अक्षरांतली नावं विकायचा. मिरचीचे व्यापारी, दोन दवाखाने, एक मंगल कार्यालय, एवढ्यावर ते गिऱ्हाईक आटलं. मग आपल्या देवनागरीत नावं मिळायला लागली, शेवटी टिंब आणि 'भारत'. ती त्यानं शहाद्यापर्यंत खपवली. मग तापीकाठी ज्यांचे अर्धे नातेवाईक सुरतेत, त्यांना गुजराती अक्षरांतली नावं दिली. सुरतेहून साहेबाचा फोन आला, की नवा मुलूख बघा, नव्या बोलीचे लोक बघा. म्हणून गडी सातपुड्याकडे वळला आणि दर बाजाराला मोलगीच्या जीपमध्ये बसायला लागला.

कानात बोलायची त्याची खोड मात्र त्याच्या आधीची. एकदा आमच्या टपरीवर एका केळीवाल्या शेतकऱ्यानं आपलं ठरवलेलं नाव मोठ्यानं सांगितलं. छान नाव होतं, आम्ही माना डोलावल्या. योगेंद्र चहा संपवून दुकानात गेला तर ते नाव दुसऱ्याच कोणीतरी नोंदवून ठेवलेलं. कोणी, ते अजून कळलं नाही. माझा संशय मी बोलून दाखवणार नाही. टपरीवर आम्ही चौघे होतो आणि त्यातला छगन तेवढा मोबाईलवर बोटं चालवत होता, एवढं नोंदवून ठेवतो.

त्या दिवसापासून योगेंद्रचा नियम झाला, की नाव कानात सांगायचं आणि नोंद होईपर्यंत बायकोलाही सांगायचं नाही. दुसरा नियम, गिऱ्हाइकाचं नाव स्वतःच्या नावावर घडीभरही ठेवायचं नाही. लोक संशयी असतात म्हणाला. कोणाकडे बघून म्हणाला ते सोडा. मोठे मोठे बागायतदार त्या टेबलावर वाकून त्याच्या कानाशी कुजबुजायला लागले. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तेव्हा आम्ही त्याला 'आत्या' म्हणायला लागलो. साडी कधी नेसतो म्हणून विचारलं तर हसायचा, पण कोणाचं नाव सांगायचा नाही. गोष्टी न सांगणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

तर मोलगीची बातमी आणली छगननं. छगन मिरचीचा आणि आमचूरचा व्यापारी. डोंगरातल्या बाया कच्चे आंबे सोलून, फोडी वाळवून बाजारात आणतात, त्या हा उचलतो. टपरीवर आला तो पाणीसुद्धा न पिता सुरू झाला.

"मन्हा डोयाघाई दखं मी. आत्या बाईना कानले लागेल व्हता."

"गिऱ्हाईक असेल," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक पदर तोंडावर लेस का?"

मी दुसरा चहा सांगितला. अशी बातमी अर्ध्या कपावर ऐकायची नसते.

गंमत इथे संपली असती, पण योगेंद्रचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी चेतना, तापीकाठच्याच शिवाजीभाईंची, शाळेत गणित शिकवणारी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की साखरपुडा. शिवाजीभाईंना जावई आधीच अर्धा पसंत होता. "जे दिसत नाही ते विकणाऱ्याला पोर द्यायची म्हणजे," असं म्हणून ते वाक्य तिथेच सोडून द्यायचे. आता त्यांना वाक्य पुरं करता आलं. सुपारी परत पाठवायची भाषा सुरू झाली.

चेतना म्हणाली, "आधी मी बघून येते."

"काय बघशील?"

"जे असेल ते."

पुढच्या बाजाराला ती आपल्या काकूला, जसोदाबाईंना घेऊन मोलगीच्या जीपमध्ये बसली. योगेंद्र त्या दिवशी सुरतेच्या साहेबानं बोलावलं म्हणून तिकडे गेला होता. नेमका त्याच दिवशी, हे माझं म्हणणं नाही, जसोदाबाईंचं.

बाजारात छगननं सांगितलेली जागा सापडली. ताडपत्रीवर आमचूर मांडून एक तरुण बाई बसली होती. नाव रिना. नाकीडोळी नीटस, अंगावर केशरी साडी. शेजारी एक म्हातारी फोडी उलटीपालटी करत होती, तिनं मानही वर केली नाही.

चेतनानं आमचूरचा भाव विचारला, मग सरळ मुद्द्यावर आली. "योगेंद्र इथे येतो ना?"

"येतो," रिना म्हणाली. शाळेतलं मराठी, जपून टाकलेलं.

"कशाला?"

"ते सांगायचं नाही."

"कोण म्हणालं?"

"तोच. पुरं होईस्तोवर कोणालाच सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय."

"मी त्याची होणारी बायको आहे."

रिनानं तिला पायांपासून केसांपर्यंत नीट पाहिलं. "मग तर नाहीच. बायकोलाही सांगायचं नाही, असं तो मुद्दाम बोललाय."

जसोदाबाई खाली बसल्या. रिनानं त्यांना पाणी दिलं आणि चेतनाला म्हणाली, "तू रागावू नकोस, बाई. आमच्याकडून होकार झाला की कळेलच सगळ्यांना." येताना जीपमध्ये काकू पुतणीत एक शब्द झाला नाही. जसोदाबाईंनी घरी आल्यावर सगळी भरपाई केली.

झालं. दुसऱ्या दिवशी शिवाजीभाईंच्या ओट्यावर दोन्हीकडची माणसं बसली. साखरपुडा चार दिवसांवर आलेला आणि मोलगीचा पुढचा बाजार त्याच्या नंतर. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी केळीचे घड बघायला म्हणून त्या बाजूला गेलो होतो. छगन होता, कारण त्याच्याशिवाय साक्षीदार कोण?

शिवाजीभाई म्हणाले, "योगेंद्र, ती बाई कोन शे?"

"गिऱ्हाईक आहे, मामा. तिथल्या बायका आपला आमचूर आपणच विकणार आहेत. त्यांना नाव हवंय."

छगननं पाय खाली सोडला आणि पुन्हा वर घेतला.

"मग होकार कसला बाकी शे?"

"नावाचाच. ज्यांना विचारायचं त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या बाजाराला सांगणार आहेत."

"तर मग सांग ना काय नाव शे ते. आम्ही मोलगीले फोन करतस, खरंखोटं करतस, मोकळे व्हतस."

ओट्यावर एवढी माणसं आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. योगेंद्रनं एकेकाकडे पाहिलं आणि छगनपाशी जरा जास्त वेळ थांबला.

"मी काय परका शे का?" छगन म्हणाला.

"परका नाही, छगनभाऊ. म्हणूनच."

मी खाली मान घालून हसलो, पण ओट्यावर दुसरं कोणी हसलं नाही. शिवाजीभाई उठले. "नाव सांगत नाही ना? मग पोर बी देत नाही. सुपारी आणा रे."

पोराचा चेहरा मी पाहिला. नाव सांगितलं तर ओटा उतरायच्या आत ते दुसऱ्याचं झालं असतं आणि डोंगरातल्या बायांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. नाही सांगितलं तर चेतना गेली. आत पितळी डबा उघडल्याचा आवाजही आला.

तेव्हा योगेंद्र उठला, दारात उभ्या असलेल्या चेतनापाशी गेला आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर, सासऱ्यासमोर, माझ्यासमोर, तिच्या कानाला लागला. कानाशी दोन्ही हातांचा आडोसा करून. जसोदाबाईंनी तोंड फिरवलं, पण पुरतं नाही.

चेतनानं मोठ्यानं एकच विचारलं, "आणि त्यांनी हो नाही म्हटलं तर?"

"तर दुसरं शोधायचं."

"काय म्हणाला तो?" शिवाजीभाई.

"सांगता येणार नाही, बाबा."

"मी तुन्हा बाप शे."

"म्हणूनच. तुमच्या ओट्यावर कोण कोण बसतं ते मला माहीत आहे."

शिवाजीभाई मटकन बसले. "आता हिले बी तीच लागण," म्हणाले. चेतनानं आतून सुपारीचा डबा आणला, बापासमोर बंद करून ठेवला आणि सांगितलं, "साखरपुडा एक बाजार पुढे ढकला. मोडू नका." गणिताची मास्तरीण, आवाज चढवला नाही. बाप तेवढ्यापुरता तयार झाला, पण त्या दिवसांत पोरीकडे त्यानं योगेंद्रकडे बघावं तसंच पाहिलं. आणि छगन? त्यानं दोन दिवसांत आमचूरशी जुळतील अशी मिळतील तेवढी नावं नोंदवून टाकली म्हणे. आंबट, अंबा, सातपुडा, काही सोडलं नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी चेतनाच्या मोबाईलवर योगेंद्रचा निरोप आला. तिनं मोबाईल बापाच्या हातात दिला. शिवाजीभाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "भिकुबाई, टिंब, भारत." खाली फोटो, ताडपत्रीवर बसलेल्या एका म्हातारीचा.

जसोदाबाई पुढे झाल्या. "अगं, ही तर ती. फोडी उलटवत बसेल व्हती. इले कोनी इचारंच नई."

डोंगरातल्या सगळ्या बायांना फोडी पातळ कापायला हिनं शिकवलं होतं, म्हणून त्यांनी हिचंच नाव काढलं होतं. म्हातारी म्हणायची, मी मेल्यावर लावा. तिला वळवायला दोन बाजार गेले. शेवटी हो म्हणाली, तेव्हा योगेंद्रनं तिथेच, जिथे रेंज येते त्या चढावर उभं राहून, रिनाच्या मोबाईलवर नोंद केली. नोंद करताना भाषा कोणती असं विचारतात. यादीत मराठी होती, गुजराती होती, त्यांची बोली नव्हती.

"आमची घालता येत नाही?" रिनानं विचारलं.

"नाही. अक्षरं तीच, म्हणून मराठीखाली नोंदवतो."

"नोंदव. पण आत दुकानात लिहिताना आमच्याच बोलीत लिहू."

"मला येत नाही."

"तुला कोण लिहायला सांगतंय? आम्ही लिहू."

तसंच झालं. सुरतेच्या साहेबाला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण नवा मुलूख म्हणून तो खूश आहे. साखरपुडा झाला, लग्नही झालं. छगनपाशी अजून बरीच आंबट नावं पडून आहेत, कोणाला हवी असतील तर टपरीवर चौकशी करावी. चेतना आता अधूनमधून दुकानात बसते आणि गिऱ्हाइकं तिच्याही कानाशी कुजबुजतात. त्यावरून मी एक दोन गोष्टी उठवून पाहिल्या, चालल्या नाहीत.

राहिली मोलगीची ती बाई. ती भिकुबाई होती. वय सत्तरीच्या पुढे, डाव्या कानानं काही ऐकू येत नाही, उजव्यानं मोठ्यानं बोललं तर येतं. तुमचं नाव दुकानाला देऊ का, असं योगेंद्र तिला ओरडून विचारत होता आणि छगनला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं दोन्ही हात तिच्या कानाभोवती धरले होते.